भाच्याच्या मोडलेल्या हाताला नुसतं बँडेज आणि अण्णांच्या धडधाकट पायाला प्लास्टर?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

घरात एकाच पंधरवड्यात दोन दुखणी आली आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांनी आमच्या समजुतीच्या नेमकं उलट सांगितलं.

ताई इंग्लंडात लीड्सला असते. तिचा धाकटा, वय नऊ, परसातल्या ट्रॅम्पोलिनवरून पडला. हात टेकला आणि मनगट सुजलं. दवाखान्यात एक्स-रे काढला, 'बकल फ्रॅक्चर' आहे म्हणाले, मऊ बँडेज गुंडाळलं, पॅरासिटामॉल द्या म्हणाले आणि घरी पाठवलं. प्लास्टर नाही, पुढची तारीखसुद्धा नाही. ताईने विचारलं तर म्हणे, पोराला बँडेज नको वाटलं की काढून टाका, परत यायची गरज नाही. आईने इथे फोनवर कपाळाला हात लावला. तिचं म्हणणं, फुकटचा दवाखाना म्हटलं की असंच व्हायचं.

दुसरं दुखणं अण्णांचं. वय ६८, शुगर अठरा-एक वर्षं. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याला जुनी भोवरी होती. दुखत नव्हती म्हणून कुणी लक्षच दिलं नाही. परवा आईला मोज्यावर ओला डाग दिसला. मिरजेला दाखवलं. डॉक्टरांनी भोवरी तासली तर खाली रुपयाएवढी जखम. बारीक सळई घालून हाडाला लागते का ते पाहिलं, लागत नाही. एक्स-रे ठीक, पायातल्या रक्ताची तपासणी ठीक, पू नाही. मग म्हणाले, गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घालू, दर आठवड्याला बदलू. अगदीच नको असेल तर पट्ट्यांचा, काढता-घालता येणारा बूट मिळतो, पण माझं मत प्लास्टरचं.

घरात बुटावर एकमत झालंय. काका म्हणतात, उघडी जखम प्लास्टरमध्ये कोंडली की सडलीच, पाय हातचा जाईल. अण्णा म्हणतात, मला काही दुखतच नाही, एवढा खटाटोप कशाला. बूट अंघोळीला काढता येईल, रोज ड्रेसिंग करता येईल, हे मलाही पटतं.

तर बूट की प्लास्टर? आणि ताईने पैसे भरून दुसरीकडे पोराच्या हाताला प्लास्टर घालून घ्यावं का?

बिनधास्त_बापू

प्लास्टर अजिबात नको. जखमेला हवा लागलीच पाहिजे. आमच्या सासऱ्यांची अशीच जखम रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन, हळद लावून, उन्हात पाय ठेवून सुकवली होती. पोराचं मात्र चुकलं, हाड ते हाड. प्लास्टर घालून घ्या.

अनघा_यॉर्कशायर

कृष्णाकाठ, तुमच्या ताईला आधी निवांत झोपायला सांगा. मी इथल्याच एका आपत्कालीन विभागात नर्स आहे. माहेर साताऱ्याचं, त्यामुळे आईंचा कपाळावरचा हात मला स्पष्ट दिसला.

बकल फ्रॅक्चरमध्ये हाडाचे दोन तुकडे होत नाहीत. लहान मुलांचं हाड मऊ असतं. हातावर पडलं की मनगटाजवळ एका बाजूची भिंत जरा दबते, तिला फुगवटा येतो, बस. ते सरकत नाही, वाकडं होत नाही, आपलं आपण भरतं. तरी वर्षानुवर्षं आम्ही त्याला प्लास्टर नाहीतर टणक पट्टी घालत होतो, तीन आठवड्यांनी परत बोलवत होतो, पुन्हा एक्स-रे काढत होतो. प्रत्येक दवाखान्याची रीत वेगळी.

म्हणून इथे 'फोर्स' नावाची चाचणी झाली. ब्रिटनमधली २३ रुग्णालयं, ४ ते १५ वयाची ९६५ मुलं. कुणाला काय मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं, म्हणजे डॉक्टरची मर्जी नाही आणि आईबापाचीही नाही. एका गटाला मऊ बँडेज देऊ केलं आणि त्याच दिवशी कायमचं घरी पाठवलं. दुसऱ्या गटाला टणक पट्टी किंवा प्लास्टर आणि नेहमीसारखी पुढची तारीख. तिसऱ्या दिवशी किती दुखतंय ते मुलांनाच विचारलं. हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत चित्रं असतात, त्याला शून्य ते दहा गुण. बँडेजवाल्यांची सरासरी ३.२१, टणक पट्टीवाल्यांची ३.१४. म्हणजे फरक नाहीच. पुढे सहा आठवडे पाहिलं, हात वापरण्यातही फरक नाही. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

पैसे वाचवायला असं करतात, हा आईंचा संशय अगदीच चूक नाही हं. पैसे वाचतातच. पण वाचतात म्हणून केलं, असं नाही. आधी मुलाचं काही बिघडत नाही याची खात्री केली. आणि पोराच्या बाजूने बघा ना. प्लास्टर म्हणजे पोहायचं नाही, आत खाज, आईची अर्धी रजा, शेवटी करवतीचा आवाज ऐकून रडारड. तो करवत कातडी कापत नाही हे मी रोज किमान एका मुलाला सांगते, एकही विश्वास ठेवत नाही.

काही पालकांना धीर निघत नाही. अभ्यासातही बँडेजवाल्या गटातल्या थोड्यांनी पहिल्या आठवड्यात टणक पट्टी मागून घेतली. दिली. तुमच्या ताईलाही हवी असेल तर दुकानात वेल्क्रोची पट्टी मिळते, मुलाला बरं वाटत असेल तर घालू दे. पैसे भरून प्लास्टर मात्र नको.

हे फक्त बकल फ्रॅक्चरचं. मनगट वाकडं दिसतंय, कोपर सुजलंय, बोटं गार पडलीत, तर ती वेगळी गोष्ट आणि त्याच क्षणी दवाखाना.

पायाचं माझ्यापेक्षा जाणकार कुणी सांगेल.

वऱ्हाडी_प्लास्टरवाला

कृष्णाकाठ भाऊ, मी डॉक्टर नाही. सुरुवातीची नोकरी कुष्ठरोग कार्यक्रमात तंत्रज्ञ म्हणून, नंतर सरकारी दवाखान्याच्या प्लास्टर रूममध्ये. आता निवृत्त. हाताला अजूनही पीओपीचा वास येतो असं बायको म्हणते. तर प्लास्टरबद्दल बोलायचा हक्क आहे, शुगरबद्दल तुमच्या डॉक्टरांचंच ऐका.

आधी बापूंना हात जोडून. पेरॉक्साइडने नवी येणारी कातडी जळते. आणि बधिर पाय उन्हात ठेवू नका, भाजला तरी माणसाला कळत नाही. सासऱ्यांची जखम भरली याचा आनंद आहे, पण ती या उपायांनी भरली असं मला वाटत नाही.

आता अण्णा. ते म्हणतात दुखत नाही. रुपयाएवढी जखम तळव्याला, तिच्यावर माणूस बाजारात जाऊन येतो आणि दुखत नाही, याचा अर्थ शुगरने पायाच्या नसा गेल्या. तुमच्याआमच्या चपलेत खडा गेला तर आपण दोन पावलांत लंगडतो, चप्पल झटकतो. अण्णांचा पाय लंगडतच नाही. पूर्ण वजन त्याच एका हाडाखाली, दिवसभर. तिथे कातडी जाड होते, ती भोवरी. भोवरीच मग खड्यासारखी आतल्या मांसाला दाबते, खाली रक्त साचतं, जखम होते आणि वरून सगळं झाकलेलं. मलम लावा, ड्रेसिंग करा, भारीतली अँटिबायोटिक द्या. उठून मोरीपर्यंत गेले की त्या जागेवर पुन्हा घण पडलाच. जखमेवरचं वजन काढल्याशिवाय ती भरत नाही.

हे आम्ही कुष्ठरोगात पाहिलं होतं. लोक म्हणायचे, महारोग्याची बोटं झडतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं आपोआप झडत नाहीत. हातपाय बधिर असतात, रोज लागतं, भाजतं, रात्री उंदीर कुरतडतात, आणि माणसाला पत्ता लागत नाही. त्यांच्या पायाच्या जखमांना प्लास्टर घालायची रीत आपल्याकडे आणि सिलोनात जुनी. १९६० च्या दशकात ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, ही रीत सोबत नेली आणि तिथून ती शुगरवाल्या डॉक्टरांनी उचलली. तुमचे काका ज्याला नवं खूळ समजून राहिले, ते इकडचंच जुनं काम आहे.

हे प्लास्टर मोडलेल्या हाडाच्या प्लास्टरसारखं नसतं. हाडाला आम्ही कापूस सढळ हाताने गुंडाळतो. इथे कापूस अगदी पातळ, कारण जाड कापूस दोन दिवसांत दबतो, आत पाय सरकतो आणि घासून नवी जखम होते. नडगीच्या धारेवर आणि दोन्ही घोट्यांवर फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड), बोटांवर स्पंज. मग ओलं पीओपी तळव्याच्या प्रत्येक खळग्यात हाताने बसवत जायचं, वाळेपर्यंत हात काढायचा नाही. असं झालं की वजन एका ठिकाणी न पडता सगळ्या तळव्यावर पसरतं, त्यातलं काही पोटरीभोवतीची भिंत उचलते. घोटा बांधला गेल्यामुळे पाऊल लहान पडतं, तोही फायदा. नवशिक्याचं हे काम नाही. तुमच्या डॉक्टरांकडे प्लास्टर कोण घालतो, रोज घालतो का, हे निःसंकोच विचारा.

सडेल का? काकांची भीती एका परिस्थितीत शंभर टक्के खरी आहे. आत खोल पू असेल, हाडाला संसर्ग असेल किंवा पायात रक्तच पोचत नसेल, तर असं प्लास्टर घालत नाहीत. त्यासाठीच तर सळई, एक्स-रे आणि रक्ताची तपासणी केली. ज्याने हे तिन्ही केलं तो माणूस आंधळेपणाने प्लास्टर घालून नाही राहिला. एकच विचारा. जुन्या शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या कडक होतात, रक्तदाब मोजायला घोट्याला पट्टा फुगवला तरी त्या दबत नाहीत, आणि आकडा उगाचच चांगला येतो. पायाच्या अंगठ्यातला रक्ताचा दाब पाहिला का, किंवा डॉपलरची (रक्ताचा प्रवाह तपासायच्या यंत्राची) लहर कशी होती, तेवढं विचारून घ्या.

आणि प्लास्टर कायमचं बंद नसतं. पहिलं दोन-तीन दिवसांत काढतात, कारण सूज उतरली की ते सैल होतं. पुढे आठवड्याला. दर वेळी जखम उघडून धुतात, कडेची कातडी तासतात.

आता बूट. बूट वाईट नाही, घातला तर. अमेरिकेत डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि मंडळींनी २००१ मध्ये ६३ रुग्णांचा अभ्यास छापला. काहींना असं प्लास्टर, काहींना काढता येणारा बूट, काहींना अर्ध्या तळाची चप्पल. १२ आठवड्यांत प्लास्टरवाल्यांपैकी ८९.५ टक्के जखमा भरल्या, बूटवाल्यांच्या ६५, अर्ध्या चपलेच्या ५८.३. पण दाब कमी करायला बूट जवळजवळ प्लास्टरइतकाच चांगला होता. मग फरक कुठून आला? २००३ मध्ये त्यांनी २० रुग्णांच्या कमरेला पावलं मोजायचं यंत्र लावलं आणि दुसरं गुपचूप बुटात लपवलं. दोन्ही आकडे जुळवले तर दिवसभराच्या हालचालीतली फक्त २८ टक्के बूट घालून झालेली. बाकी सगळी बुटाशिवाय. ही माणसं बेफिकीर नव्हती. बाहेर जाताना घालत होती, घरात काढत होती.

हे वाचलं तेव्हा मला आपली घरं आठवली. तिकडचे लोक घरात जोडे घालतात तरी ही गत. आपल्याकडे बूट दाराशी राहणार. देवघरात अनवाणी, स्वयंपाकघरात अनवाणी, रात्री दोनदा लघवीला अनवाणी. अण्णांना विचारा, काकू बूट घालून देवासमोर उभं राहू देतील का?

नाहीच पटलं तर मधला रस्ता आहे. तोच बूट घालायचा आणि वरून प्लास्टरचे दोन वेढे मारून टाकायचे, म्हणजे घरी काढता येत नाही. २००५ मध्ये त्याचीही चाचणी झाली. बूट तोच, पण वेढे मारलेल्यांच्या जवळपास ८३ टक्के जखमा भरल्या, मोकळ्या बूटवाल्यांच्या ५२. यात प्लास्टर बसवायच्या हातकसबाची गरज पडत नाही, त्यामुळे लहान गावात मला हाच प्रकार जास्त आवडतो.

लेकराच्या हाताबद्दल अनघाताई म्हणतात ते बरोबर, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक सांगतो. तिकडे एक्स-रे नीट वाचणारा माणूस असतो आणि अडलं तर फोन उचलणारा असतो. आपल्याकडे मोबाइलवर एक्स-रेचा फोटो पाहून कुणी 'बकलच आहे' म्हटलं तर मी स्लॅब, म्हणजे एका बाजूचं अर्धं प्लास्टर, घालूनच पाठवीन. दोन्ही बाजूंचं हाड मोडलेलं असतं आणि फोटोत दिसत नाही, असं होतं. आणि कोपर मोडलं तर हाडवैदाकडे नेऊ नका. बांबूच्या कामट्या करकचून बांधलेला, काळानिळा पडलेला लहान हात ज्याने पाहिला तो विसरत नाही. प्लास्टर काढल्यावर कोपराला तेल चोळून ओढाताण करणाऱ्या मालिशवाल्यांनाही दुरूनच नमस्कार. त्यांनी कोपर आणखी आखडतं.

शंकासुर

काका, प्रतिसाद उत्तम, पण ६३ माणसं म्हणजे एका गटात वीसेक. एवढ्याशा अभ्यासावर गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर? आणि तुम्ही दिलेले तिन्ही अभ्यास त्याच आर्मस्ट्राँगचे. शिवाय यात कुणाला काय दिलंय ते रुग्णालाही दिसतं, डॉक्टरलाही. मुलांच्या अभ्यासातही तेच. बँडेजवाल्या आईने 'बरं आहे हो' म्हटलं की झालं.

अनघा_यॉर्कशायर

मुलांच्या बाबतीत शंका रास्त आहे, पण ती उलट्या दिशेने जाते. प्लास्टर न मिळालेल्या मुलाचे आईबाप नाराज असतात, त्यामुळे खोट आलीच तर बँडेजचे आकडे वाईट दिसायला हवेत. तरी ते सारखे आले. आणि चेहऱ्यावर बोट मूल ठेवतं, आई नाही.

वऱ्हाडी_प्लास्टरवाला

शंकासुर, शंका चांगली. एकच अभ्यास असता तर मीही एवढं लिहिलं नसतं. २००५ मध्येच काट्झ आणि मंडळींनी खरं प्लास्टर आणि वेढे मारलेला बूट समोरासमोर ठेवून पाहिला, दोन्ही सारखेच उतरले. त्यानंतर बरंच काम झालं. मधुमेही पायाचा जो आंतरराष्ट्रीय कार्यगट आहे, त्याने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सगळं चाळून सांगितलं की बधिर पायाच्या तळव्यावरच्या जखमेला पहिली पसंती न काढता येणाऱ्या, गुडघ्यापर्यंतच्या साधनाला. प्लास्टर असो की वेढे मारलेला बूट.

तरी पाळणारे कमी, हे मान्य. वेळ जातो, हात भरतात, बाहेर वीस माणसं ओपीडीत उभी असतात. आपल्या नागपूरच्या डॉ. शरद पेंडसेंनी टांझानियाच्या डॉ. अब्बास यांच्यासोबत 'स्टेप बाय स्टेप' नावाचा कार्यक्रम उभा केला, डॉक्टर आणि नर्स अशा जोड्यांना पायाची काळजी शिकवायचा. त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे नर्सला बरोबर बसवलं. पाय रोज बघते ती.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. ताईला अनघाताईंचा प्रतिसाद पाठवला. भाचा बँडेज फेकून पुन्हा ट्रॅम्पोलिनपाशी घुटमळतोय, त्यावर मात्र बंदी आहे म्हणे.

अण्णांना घरातल्या अनवाणीपणाचं वाचून दाखवलं. आई लगेच म्हणाली, 'हे खरं आहे, हे देवघरात बूट घालायचे नाहीत आणि मी घालू द्यायची नाही.' प्लास्टर ठरलं. सोमवारी जायचंय. डॉक्टरांना विचारलं, अंगठ्याचा दाबही त्यांनी पाहिलाय, ठीक आहे.

काका, अजून थोडं विचारतो. त्यांना दुखणारच नाही, तर आत काही बिघडलं तर कळणार कसं? आणि चालायचं की नाही?

वऱ्हाडी_प्लास्टरवाला

नाक आणि ग्लुकोमीटर. नवा घाण वास आला, प्लास्टरवर ओला डाग उमटला आणि वाढत गेला, ताप आला, खाणं तेच असून शुगर अचानक चढली, जांघेत गाठ आली, बोटं काळीनिळी किंवा सुजलेली दिसली, की त्याच दिवशी जाऊन प्लास्टर काढून घ्यायचं. सोमवारची वाट पाहायची नाही. सैल होऊन पाय आत हलायला लागला, भेग पडली, भिजलं, तरीही तेच. खाज आली म्हणून विणायची सुई आत घालू देऊ नका, हे आजोबा लोक हमखास करतात. अंघोळीला पाय बाहेर काढून स्टुलावर, वर प्लास्टिकची पिशवी. तिच्यावर फार विसंबू नका, पुसून अंघोळ झाली तरी चालते.

चालणं गरजेपुरतं, काठी घेऊन. रात्री खाटेपासून मोरीपर्यंतचा दिवा चालू ठेवा. नजर अधू असेल किंवा तोल जात असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

भरायला किती दिवस ते सांगत नाही, जखमेवर आहे. पण भरल्यावर जुनी चप्पल पुन्हा घातली तर सगळं पाण्यात. भरलेल्या जखमा वर्षभरात दहापैकी चार जणांना पुन्हा होतात. तेव्हा एमसीआरची (मऊ, सच्छिद्र रबराची) चप्पल आधीच करून घ्या, माप प्लास्टर बदलायच्या दिवशी देता येईल. भोवरी परत आली तर ब्लेड नको आणि मेडिकलमधली कॉर्नची पट्टीही नको. तिच्यातल्या आम्लाने चांगली कातडी जाते आणि अण्णांना कळणार नाही. डॉक्टरांकडूनच तासून घ्या.

राहिलंच एक. प्लास्टरमुळे उजवा पाय बोट-दीड बोट उंच होतो. मग माणूस हेलकावत चालतो, कंबर धरते आणि डाव्या पायावर भार येतो. डाव्या पायाला सोमवारी मागे पट्टा असलेली चप्पल घालून न्या, प्लास्टर वाळलं की उंची मोजा आणि चांभाराकडून तिच्या तळाला तेवढंच रबर लावून घ्या. घरातसुद्धा ती चप्पल पायात हवी. काकूंना सांगा, ती घरातलीच आहे, बाहेर गेलेली नाही.